किलिमांजारो: पर्वत की टेकडी?

स्वाहिली शिकताना एक गंमत सापडली. ‘म्लिमा’ म्हणजे डोंगर, पण ‘किलिमा’ म्हणजे टेकडी. ‘कि’ हा उपसर्ग वस्तू लहान करतो: ‘म्टोटो’ मूल, तर ‘किटोटो’ तान्हं बाळ. आपण डोंगराची डोंगरी शेवटी ‘ई’ लावून करतो, ते तिथे सुरुवातीलाच उरकतात. मग आफ्रिकेतल्या सर्वांत उंच, ५,८९५ मीटरच्या पर्वताला टेकडी कोण म्हणालं? आणि उरलेल्या ‘न्जारो’चं काय?

— ‘न्जारो’पाशीच सगळं अडतं. कुणी शुभ्रता सांगतं, कुणी चकाकी. मला हे अर्थ शिखरावरचं बर्फ बघून मागाहून चिकटवलेले वाटतात. उतारांवर राहणाऱ्या चग्गा लोकांच्या भाषेतून ‘तांड्यांना न जिंकता येणारा’ अशीही फोड करतात. ती रसाळ आहे, म्हणूनच जरा संशय येतो.

— मुळात हा एक डोंगर नाहीच, तीन ज्वालामुखी शंकू आहेत. शिरा सर्वांत जुना. तो ढासळून आता पठार उरलंय. मावेन्झी ५,१४९ मीटर, झिजून कडेकपारींचा झालेला. हे दोन्ही मृत. किबो तेवढा सुप्त, आणि सर्वोच्च माथा त्याच्याच विवराच्या काठावर. किबो आणि मावेन्झी ही नावं चग्गांची. पायथ्याशी राहणाऱ्याला शिखरं वेगवेगळी दिसतात, तो वेगवेगळी नावं देतो. सगळ्याला मिळून एक नाव लागतं ते लांबून बघणाऱ्याला, म्हणजे किनाऱ्यावरून येणाऱ्या व्यापारी तांड्यांना. निदान माझा तर्क तसा आहे.

— त्या सर्वोच्च माथ्याचं नाव विसरलात! १८८९ साली हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर वर पोचले आणि मेयरने जर्मन सम्राटाच्या नावाने ‘कैसर विल्हेल्म श्पिट्झे’ असं बारसं केलं. १९६१ मध्ये टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाल्यावर तो ‘उहुरू’ झाला. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य, मूळ अरबी ‘हुर्र’, म्हणजे आपल्या ओळखीच्या ‘हुर्रियत’चं सख्खं भावंड. इथे व्युत्पत्तीचा वाद नाही, हायसं वाटलं.

— मग ‘किलिमांजारो पर्वत’ म्हणणं म्हणजे द्विरुक्ती का?

— असेल, पण ‘सह्याद्री पर्वत’ म्हणताना ‘अद्रि’ कुठे आठवतो? चालू द्या. फक्त ‘जा’ दीर्घच लिहा. स्वाहिलीत आघात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर असतो.