आरती स्पीकर म्हणतो, आपण हात जोडून उभे

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

गेल्या गणपतीतली गोष्ट. वाईजवळच्या आमच्या जुन्या घरी संध्याकाळच्या आरतीला बावीस माणसं जमली होती. निरांजन लावलं, धाकट्या पुतण्याने फोन स्पीकरला जोडला आणि आरती सुरू झाली. गाणाऱ्या बाईंचा आवाज सुरेख, मागे तबला, बासरी, सगळं. पण पट्टी इतकी वरची की आमच्यातल्या एकाचाही आवाज तिथे पोचेना. दोघातिघांनी थोडा वेळ ओठ हलवले, मग तेही गप्प झाले. सगळे नुसते टाळ्या वाजवत उभे. देवीच्या आरतीच्या दुसऱ्या कडव्यात पुतण्याला कुणाचा तरी फोन आला आणि आवाज तुटला.

खोली एकदम शांत. बावीस माणसं, आणि पुढची ओळ कुणाला येईना. मलाही येईना. मग कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या आत्याने ती ओळ उचलली. आत्याचं वय ८१. आवाज थरथरत होता, दम पुरत नव्हता, पण अक्षर चुकलं नाही. तिच्या मागून आम्ही ओळींचे शेवटचे शब्द कसेबसे धरत गेलो. तेवढ्यात पुतण्याचं बोलणं संपलं, स्पीकर जिथे तुटला होता तिथूनच पुन्हा सुरू झाला. आणि आत्या थांबली.

तिचं ते थांबणं अजून मनातून जात नाही.

आम्हाला आरत्या कुणी शिकवल्या नव्हत्या. दहा दिवस, दोन्ही वेळा, घसा फाटेस्तोवर ओरडून त्या तोंडात बसल्या. विठोबाच्या आरतीतला लांब सूर कोण किती ताणतो यावर आम्हा पोरांची पैज लागायची. शब्द चुकायचे, अर्थ तर कळतच नसे. आजोबा आरती झाल्यावर ओसरीवर बोलावून तेवढा एक चुकलेला शब्द चारदा म्हणवून घ्यायचे आणि मग खिरापत द्यायचे.

नव्या साधनांशी माझं भांडण नाही. गणपत कृष्णाजींनी १८४१ साली मुंबईत पंचांग छापलं तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवायला तयार नव्हती. त्यांनी शाईत तूप वापरलं आणि तो प्रश्न मिटवला. १८९४ मध्ये रविवर्म्यांचा छापखाना निघाला, आणि ज्यांच्या घरी धड देव्हारा नव्हता त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या. १९७३ पासून 'कालनिर्णय' खिळ्याला लागलं, एकादशी कधी हे विचारायला कुणाच्या दारात जावं लागेना. हे सगळं चांगलंच झालं. पण छापील पोथी वाचायची आपल्यालाच होती. भिंतीवरच्या तसबिरीला हारही आपणच घालायचा होता. कॅसेट आली तेव्हा पहिल्यांदा आपलं तोंड मिटलं, कारण म्हणण्याचं कामही आता यंत्र करणार होतं. फोनने तर ते घरोघर, खिशाखिशात नेलं.

देवापुढचा आवाज आपला असावा. बेसूर असला तरी चालेल, अर्धा चुकला तरी चालेल. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

गोदाकाठची

तुमचा लेख वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही सांगते.

तुमच्या आठवणीतल्या त्या ओसरीवर माझ्यासारख्या मुली कुठे होत्या? नाशिकच्या आमच्या घरी भावाला मुंजीनंतर अथर्वशीर्ष शिकवायला गुरुजी यायचे. मी स्वयंपाकघरात, दाराआड. मला दहा-बारा ओळी नुसत्या ऐकून पाठ झाल्या होत्या. एकदा भाकरी थापताना मोठ्याने म्हटल्या तर आजी म्हणाली, "हे बायकांनी म्हणायचं नसतं." मी गप्प बसले ते पुढची चाळीस वर्षं.

चोपन्नाव्या वर्षी फोनवर शिकले. एकेक ओळ लावायची, थांबवायची, म्हणायची, मागे जायचं. वेग कमी करून ऐकायची सोय असते, तिने तर जीव वाचवला, नाहीतर जोडाक्षरं कानाला सापडतच नव्हती. पहाटे पाच ते साडेपाच, गच्चीवर, अडीच महिने. मला कुणी हटकलं नाही, कुणी हसलं नाही, एकच ओळ साठ वेळा विचारली म्हणून कुणी कंटाळलं नाही. आज आमच्या सोसायटीत संकष्टीला आम्ही नऊ जणी एकत्र आवर्तनं करतो.

फोनने तोंड मिटवलं असं तुम्ही म्हणता. माझं त्यानेच उघडलं.

माणदेशी

मी गावाकडचा माणूस आहे, आमच्याकडचं सांगतो. कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत आमच्या विठ्ठल मंदिरात काकडा असतो. पूर्वी पहाटे पाचला पंधरा-वीस टाळकरी असायचे. आता पाचसहा म्हातारी माणसं येतात. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी देणगी देऊन आरतीचं मशीन बसवलं. बटण दाबलं की मोटरीवर नगारा, झांज, घंटा सगळं आपोआप वाजतं. मशीन आल्यापासून जी चार पोरं झांजा वाजवायला म्हणून यायची तीही येईनाशी झाली. त्यांना दुसरं काय येत होतं? वाजवता यायचं म्हणून यायची. हे मी बैठकीत बोललो तर देणगीदाराचा अपमान होतो म्हणून मला बसवलं. तेव्हा कृष्णाकाठ, मशीनबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं.

पण फोनचं पटत नाही. आमच्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, रात्री एक ते तीनच्या पहाऱ्याला माणूस मिळणं मुश्किल व्हायचं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर पाळ्यांची यादी महिनाभर आधी पडते. पुण्याला कंपनीत असलेली पोरं तारीख बघून रजा टाकतात, रात्रीची गाडी धरून येतात, दोन तास वीणा गळ्यात घालून उभी राहतात आणि सकाळच्या एसटीने परत. ही पोरं अगोदर तुटली होती. फोनमुळं परत जोडली गेली.

आणि २०२० चा आषाढ आठवा. पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या, आमची दिंडी घरात. रोज संध्याकाळी सातला आम्ही फोनवर एकत्र हरिपाठ म्हणायला बसलो. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ, कारण एकाचा आवाज दुसऱ्याकडे उशिरा पोचतो, टाळ काही केल्या जुळेना. मग ठरवलं की विणेकऱ्यानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी आपापला माईक बंद ठेवून घरात म्हणायचं. पडद्यावर सदतीस माणसांचे ओठ हलताना दिसायचे, ऐकू यायचा एकाचाच आवाज. तरीपण म्हणत सगळे होते. याला तुम्ही तोंड मिटणं म्हणाल?

भिक्षुक

चाळीस वर्षं पौरोहित्य करतो आहे. कॅसेटवर पूजा सांगण्याची पद्धत आली तेव्हा आमच्यातले अनेकजण धास्तावले होते. पोटावर पाय येईल अशी भीती होती. तसं झालं नाही, कारण गणेश चतुर्थीच्या सकाळी पुण्या-मुंबईत गुरुजी मिळतच नाहीत. मी स्वतः अकरा-बारा घरांपलीकडे जाऊ शकत नाही. उरलेल्या घरांनी रेकॉर्डिंग लावून श्रद्धेने पूजा केली तर मला त्यात काही गैर वाटत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. पूजेच्या आधी संकल्प असतो. त्यात आपण कुठे आहोत, संवत्सर कोणतं, मास, तिथी, वार कोणता, माझं गोत्र काय, मी कोण, हे उच्चारायचं असतं. ही जागा यजमानाची. गेल्या चतुर्थीला एका घरी उशिरा पोचलो, त्यांनी वाट पाहून मोबाईलवर पूजा सुरू केलेली. शके १९४७, विश्वावसु संवत्सर. मोबाईलमधले गुरुजी 'शुभकृत' म्हणत होते, म्हणजे तीन वर्षं मागचं. यजमान हातात पाणी घेऊन शांतपणे बसले होते. त्यांना वाटत होतं संकल्प झाला. मी त्यांना पुन्हा पाणी घ्यायला लावलं आणि त्यांचं नाव त्यांच्याच तोंडून वदवलं.

संकष्टीच्या चंद्रोदयाचंही तसंच. नागपूरला चंद्र मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. अ‍ॅपमध्ये गाव मुंबई राहिलं असेल तर नागपूरची बाई उगाच उपाशी. कालनिर्णयात गावोगावच्या वेळा बघायची सवय होती ती मोडली, कारण फोन एकच आकडा दाखवतो आणि तो आपलाच असेल असं आपण धरून चालतो.

कृष्णाकाठ

गोदाकाठची ताई, तुमचं म्हणणं मान्य. ओसरीवर कोण नव्हतं हे मला लिहिताना दिसलं नाही, ही माझी चूकच. आत्यालाही आरत्या कुणी बसवून शिकवल्या नसणार. तिने त्या कशा पाठ केल्या हे मी आजवर विचारलेलं नाही.

तरी एक सांगतो. तुम्ही साठ वेळा ओळ थांबवलीत आणि स्वतः म्हटलीत. आमच्या घरी कुणी थांबवत नाही. तुम्ही फोनकडून शिकलात, आम्ही त्याच्यावर सोपवलं.

गोदाकाठची

हो, हा फरक आहे, मानते. पण मग लेखाचं शीर्षक बदला. दोष स्पीकरला देऊ नका. तुमच्या बावीस माणसांनी ठरवलं असतं तर पुतण्याला "बंद कर रे तो" म्हणायला किती वेळ लागला असता?

चंद्रभागा

वरच्या चर्चेत सगळ्यांचा देव कधी ना कधी हाताशी होता. आमचा नव्हता, म्हणून लिहिते आहे.

माझे पणजोबा दरवर्षी पंढरीला चालत जायचे आणि महाद्वारात चोखोबांच्या समाधीपाशी थांबायचे. पुढे जायची आमच्या जातीला मुभा नव्हती. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केलं, त्यानंतर मंदिर उघडलं. पणजोबा तोवर गेले होते. आजोबा आत गेले, पण पणजोबांनी विठ्ठल कधी समोरून पाहिला नाही ही टोचणी त्यांना शेवटपर्यंत होती.

आजोबा नव्वदीला टेकले, चालणं थांबलं. मी त्यांना फोनवर मंदिराचं थेट दर्शन लावून दिलं. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, चष्मा काढून जवळ नेला. बराच वेळ बघत राहिले. कमरेवरचे हात, तुळशीचा हार, पुजाऱ्याचं येणं-जाणं. मग म्हणाले, "इतक्या जवळून तर बडव्यांनाच दिसत असेल." तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ झाली की फोन मागायचे. हातात घेण्यापूर्वी हात पुसायचे.

पायावर डोकं ठेवता येत नाही, हे खरं. आमच्याकडे ते तीन पिढ्यांपूर्वीही ठेवता येत नव्हतं. त्यामुळे 'पूर्वी कसं होतं' या वाक्याने सुरू होणारी कुठलीही भक्तीची चर्चा मी जरा सावधपणे वाचते.

अकोलेकर

विषय थोडा वेगळा आहे, पण कुणाला तरी विचारायचंच होतं. रोज सकाळी आईला चाळीस-पन्नास देवांची चित्रं येतात. फोन भरला की बंद पडतो. मी साफ करायला बसलो की ती हात धरते, देव कसा पुसायचा म्हणून. परवा तिचा फोन अडकला आणि दवाखान्याचा निरोप वेळेवर मिळाला नाही. तिची समजूत कशी काढू? तिची भीती मला खोटी वाटत नाही.

भिक्षुक

आईंना असं सांगा. पार्थिव गणपतीत आपण प्राणप्रतिष्ठा करतो, म्हणून त्याचं रीतसर विसर्जन करावं लागतं. फोनमधल्या चित्रात कुणी आवाहन केलेलं नसतं. ते स्मरणासाठी आलं, स्मरण झालं, काम झालं. पुसण्याआधी एकदा हात जोडावेसे वाटले तर जोडावेत. आमच्या घरी आई जुनी फाटलेली तसबीर नदीत सोडताना जोडायच्या, तसेच. एखादं चित्र फार आवडत असेल तर तेवढं छापून देव्हाऱ्यात लावा.

माणदेशी

कृष्णाकाठ, एक सुचवतो. आत्यांचा आवाज फोनमध्ये घेऊन ठेवा. आमचे एक विणेकरी गेले, त्यांच्या चाली त्यांच्याबरोबरच गेल्या. गावात कुणालाच त्या धड येत नाहीत. तेव्हा माझ्या खिशात फोन होता आणि मी तो काढला नाही.

कृष्णाकाठ

माणदेशी, तुमचा निरोप वाचला आणि रविवारी गावी गेलो.

आमच्या गावदेवीची एक आरती आहे. ती मी कुठल्याही छापील संग्रहात पाहिलेली नाही, इंटरनेटवरही सापडली नाही. नवरात्रात आत्या आणि तिच्या बरोबरीच्या दोघी म्हणायच्या, त्या दोघी आता नाहीत. आत्याला सांगितलं, फोन समोर ठेवतो, तू म्हण. तिने पदर सारखा केला, पहिलं कडवं म्हटलं आणि थांबली. मला वाटलं दम लागला. पाणी दिलं. ती म्हणाली, "आता तू म्हण. तुझ्या तोंडून आलं की मग पुढचं सांगते."

मी म्हटलं. दोन ठिकाणी चुकलो, तिने दोन्ही दुरुस्त केले. मग दुसरं कडवं. असं करत चार कडव्यांना एक्केचाळीस मिनिटं लागली. रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात तिचा आवाज कमी आणि माझाच जास्त आहे. तिला विचारलं, तुला कुणी शिकवली? तर तिच्या सासूने, जात्यावर, पहाटे.

पाचवं कडवं आहे एवढं तिला नक्की आठवतं, त्यात देवीच्या पालखीच्या वाटेवरच्या गावांची नावं येतात, पण शब्द येत नाहीत. वाई-पाचवडच्या पट्ट्यातल्या कुणाच्या घरी आजी, आत्या, मावशी अशी आरती म्हणत असतील तर कृपया कळवा. मी ऐकायला येईन.