पेनफिल्डच्या पोस्टरांत काही घडतच का नाही?

उपयोजित कला, तिसरं वर्ष:
१८९० नंतरच्या अमेरिकन पोस्टरांवर कॉलेजात बोलायचंय. एडवर्ड पेनफिल्डने हार्पर्स मासिकासाठी केलेली पोस्टरं बघतेय. एक माणूस पावसात वाचतोय. एक बाई दोन मांजरी कवेत घेऊन उभी. संपलं! अंकात काय आहे, कोणी लिहिलंय, काही नाही. मग मासिक खपायचं कसं?

शाईवाला:
मी अठ्ठावीस वर्षं छापखान्यात काढली, सुरुवातीची लिथोवर, म्हणजे सपाट दगडावर चित्र काढून त्यावरून छापण्याच्या कामावर, म्हणून आधी शाईबद्दल सांगतो. चित्र मोठं करून बघ. कोटावर सावली नाही, चुणी नाही. सपाट रंग आणि भोवती ठसठशीत रेघ. जपानी लाकडी ठशांची चित्रं आणि पॅरिसचे पोस्टरवाले चित्रकार तुलूझ-लोत्रेक, स्टाइनलेन यांच्याकडून हे आलं. लिथोत प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा पत्रा लागतो आणि कागद तितक्या वेळा मशीनखालून जातो. म्हणून रंग मोजकेच. मधली झाक हवी तर शिंतोडे उडवायचे: ब्रश शाईत बुडवून जाळीवर घासायचा. आठवडाभर नखं काळी राहायची माझी.

आता खपाचं. ही मालिका एप्रिल १८९३ ला सुरू झाली, तू म्हणतेस त्या पावसातल्या माणसापासूनच. पोस्टर जेमतेम दीड फूट उंच, पुस्तकांच्या दुकानात लावायला, दर महिन्याला नवं. येणारा-जाणारा लेखांची यादी वाचत उभा राहील का? पण भर पावसात वाचनात गढलेला माणूस दिसला, की त्याच्या हातात काय आहे ते बघावंसं वाटतंच. जुलै १८९४ च्या पोस्टरात बाई फटाके पेटवते, कारण ४ जुलै त्यांचा स्वातंत्र्यदिन. माझं सगळ्यात लाडकं मार्च १८९७ चं. गाडीत ओळीने बसलेले प्रवासी आणि सगळे हार्पर्समध्ये बुडालेले. चर्चगेटला सकाळी पेपर उघडून बसलेली रांग मी वर्षानुवर्षं पाहिली, तीच ही.

न्यू जर्सीकर:
२०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये या काळातल्या साहित्यिक, म्हणजे मासिकं-पुस्तकांच्या जाहिरातींच्या, पोस्टरांचं प्रदर्शन होतं. मी दोनदा गेले. काचेशी नाक नेलं की शिंतोड्यांचा एकेक ठिपका दिसतो, स्क्रीनवर तो हरवतो.
पण याला सरसकट ‘रोजचं जगणं’ म्हणू नकोस. पेनफिल्डची माणसं खाऊनपिऊन सुखी, कडक इस्त्रीची. त्याच काळात न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड वस्तीत एकेका खोलीत स्थलांतरितांची अख्खी कुटुंबं राहत होती. ती इथे नाहीत. आणि बॉस्टनच्या एथेल रीडला विसरू नकोस. १८९५ मध्ये ती पोस्टरं करू लागली तेव्हा जेमतेम विशीतली होती, तुझ्याच वयाची.

शाईवाला:
ताई, हे मान्य. जो मासिक विकत घेणार, त्याचंच चित्र काढलं. पुढे तर लोक अंक सोडून पोस्टरंच जमवू लागले.

उपयोजित कला, तिसरं वर्ष:
काका, मार्चचं पोस्टर मोठं करून तासभर बघत होते. कॉलेजात लिथोचा दगड आहे, धूळ खात पडलाय. शिंतोडे करून बघू?

शाईवाला:
जरूर कर! जिथे ठिपके नकोत तिथे आधी डिंक लाव आणि पूर्ण वाळू दे. शाई पातळ नको, ओघळते. जुना टूथब्रश चालेल. जाळी दगडापासून वीतभर वर धर आणि पहिले दोन-चार हात रद्दीवर मार.