कौलारू घरात स्मोक अलार्मचा उपयोग होतो का? आईबाबा गावी एकटे असतात

सड्यावरचा: नमस्कार मंडळी, आमचं घर देवगडजवळ, जुनं चिरेबंदी, वर मंगलोरी कौलं. आईबाबा दोघंच असतात, मी ठाण्याला. न्हाणीत पाणी तापवायला रोज चूल पेटते, देवाजवळ समई रात्रभर असते, माळ्यावर नारळाची सोडणं न लाकडं भरलेली आणि वायरिंग तर आजोबांच्या वेळचं. गणपतीच्या आधी एकाकडून स्मोक अलार्म बसवून घेतला, त्याने तो न्हाणीच्या दारावरच ठोकला, मग काय रोज सकाळी बोंबलायला लागला म्हणून बाबांनी सेलच काढून ठेवलाय. म्हणतात कौलातून धूर जातो की बाहेर, कशाला हवंय ते. खरंच उपयोग नाही का? मला रात्री झोप लागत नाही या विचाराने.

मालवणी वायरमन: भावा, उपयोग आहे, जागा बदल. कौलातून धूर जातो हे अर्धंच खरं. झोपायच्या खोलीवर माळा असतो ना, धूर त्या फळ्यांखालीच कोंडतो आणि तिथून खाटेपर्यंत खाली उतरतो. म्हणून एक अलार्म खोलीत माळ्याच्या फळीला खालून, एक माजघरात, चुलीपासून निदान दहा फूट लांब. जिथे माळा नाही तिथे आढ्याच्या अगदी टोकात लावू नको, त्या कोपऱ्यात हवा अडकून राहते न धूर उशिरा पोचतो, चार इंच तरी खाली घे. घेताना फोटोइलेक्ट्रिक बघून घे, सोडणं, गादी, वायरचं कव्हर आधी तासन् तास धुमसतं, जाळ नंतर दिसतो, आणि धुमसणारा धूर हा प्रकार लवकर पकडतो. न्हाणीत आणि स्वयंपाकघरात हीट अलार्म लाव, तो धुराने नाही, उष्णतेने वाजतो.

आपल्याकडे अजून एक. खाऱ्या हवेने सेलच्या पट्टीवर हिरवट गंज चढतो, आणि जाळीतून कोळी आत शिरला की उगाच वाजतो. पावसाळ्याआधी न नंतर मऊ ब्रशने साफ करायचा. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं. मधूनमधून टुक टुक करत असेल तर सेल संपत आलाय, तेव्हा काढून ठेवायचा नाही, बदलायचा. 10 वर्षं झाली की अख्खा अलार्मच नवीन. आणि वायरिंगचं मनावर घे रे, फ्यूजला जाड तार गुंडाळलेली असेल तर आधी ती काढून एमसीबी (जादा लोड आला की आपोआप पडणारा स्विच) आणि 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा) बसव.

वेंगुर्ल्याची ताई: मी दवाखान्यात काम करते म्हणून सांगते, झोपेत माणसाला धुराच्या वासाने जाग येईलच असं नाही, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो, गुंगी येते ती उठूच देत नाही. काकांना हे नक्की सांग. कानाचं मशीन रात्री काढून ठेवत असतील तर आवाज ऐकू जातो का ते झोपेच्या वेळीच वाजवून बघ, नाहीतर जोडलेले अलार्म घे, एक वाजला की सगळे वाजतात. आणि मागच्या दाराची कडी अंधारात हाताने सापडते का तेही बघ. आगीचा बंब तालुक्यावरून येणार, तोवर वाडीतली माणसंच धावणार, त्यामुळे शेजारच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. फोन 101 किंवा 112.

सुरंगी: एक राहिलं, स्मोक अलार्मला गॅसची गळती कळत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, त्याचा डिटेक्टर वेगळा आणि खाली लावायचा. वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, लाईट चालू असेल तर चालूच राहू दे, रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघड्या, बाहेर जाऊन 1906 ला फोन. नळी पण 5 वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर वर्ष छापलेलं असतं बघ.

सड्यावरचा: खूप आभार सगळ्यांचे. शिमग्याला जातोय तेव्हा माळ्याखाली लावून देतो, सोडणंपण खाली काढून घराबाहेरच्या मांगरात टाकतो. सेल बदलायचा घेऊ की सीलबंद लिथियमवाला?

मालवणी वायरमन: सीलबंदच घे, 10 वर्षं सेल बदलायला नको आणि काढताही येत नाही. लावलास की पहिल्यांदा बटण बाबांनाच दाबू दे.