चर्चा: कोऱ्या अणुइंधनाला एवढी भारी पेटी कशाला?

उपद्व्यापी:
काल एकाने लिहिलं, "न वापरलेलं इंधन नुसते हातमोजे घालून उचलतात. त्याला कसली पेटी, लाकडी खोकं पुरे." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

हातमोज्यांचं खरंय, ताज्या युरेनियमचा किरणोत्सार किरकोळ असतो. पण ही पेटी किरणं अडवायला नसतेच हो! समृद्ध युरेनियमच्या (म्हणजे सहज फुटणाऱ्या यु-२३५चं प्रमाण वाढवलेल्या) दांड्यांच्या जुड्या एकमेकींना खेटल्या आणि मध्ये पाणी शिरलं, तर अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया सुरू होऊ शकते. म्हणून पाणी आत शिरलंच असं धरून गणित मांडतात आणि अपघातानंतरही जुड्यांमधलं अंतर टिकेल अशी पेटी बनवतात. पेटीची परीक्षाच बघा: ९ मीटरवरून न दबणाऱ्या पृष्ठभागावर आपटा, १ मीटरवरून १५ सेंटिमीटर जाडीच्या पोलादी दांड्यावर पाडा, मग ८०० अंशांत ३० मिनिटं भाजा. खोकं पुरे म्हणे!

हैदराबादी:
सगळं एकाच मापाने मोजू नका. तारापूर अणुवीज केंद्राच्या ३ आणि ४ नंबरच्या भट्ट्यांना नैसर्गिक, म्हणजे समृद्ध न केलेलं युरेनियम लागतं. ते साध्या पाण्यात कितीही रचा, साखळी सुरू होत नाही. जड पाणीच हवं. ती बंडलं औद्योगिक दर्जाच्या पेटीतून नेलेली नियमात बसतात. तुमचं ९ मीटर-बिटर समृद्ध इंधनाला, म्हणजे तारापूर १-२ किंवा कुडनकुळमला.

आणि लाकडाला हसू नका. डिसेंबर १९९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफिल्ड. उलट्या दिशेने आलेल्या गाडीमुळे ताज्या इंधनाचा ट्रक पेटला. बाहेरची लाकडी खोकी जळून खाक झाली, पण किरणोत्सार पसरला नाही.

उपद्व्यापी:
आत धातूच्या पेट्या होत्या, ते सोयीस्कर गाळलंत! शिवाय ती आग काही तास चालली. मग परीक्षा ३० मिनिटांचीच का?

हैदराबादी:
परीक्षेत पेटी चहूबाजूंनी ज्वाळांत असते. रस्त्यावरची आग अशी सगळीकडून सारखी लागत नाही.

पालघरकर:
तुमच्या परीक्षा तुम्हाला लखलाभ. पावसाळ्यात आमच्या महामार्गावर मनोरला या एकदा. खड्डा चुकवायला कंटेनर उलट्या लेनमध्ये घुसतो, मागे मैलभर रांग, आणि अग्निशमनची गाडी त्या रांगेच्या शेपटीला. आमच्या मामाच्या दारात रसायनाचा टँकर उलटला होता. चालकाकडचं आपत्कालीन कार्ड इंग्रजीत, तो बिचारा हिंदीही अडखळत वाचणारा. मामीने डोळ्यांना ओला पदर लावून पोरांना शेतात पळवलं. कंपनीचा माणूस संध्याकाळी उगवला, तोही फोटो काढायला.

उपद्व्यापी:
वाईट झालं. पण टँकरचा आणि या पेटीचा संबंध काय?

पालघरकर:
रस्ता तोच, माणसं तीच. आणि संबंध विचारायचाच तर तारापूरशेजारच्या अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांना विचारा. ३-४ नंबरसाठी गावं उठवली. समुद्र गेला, होड्या गेल्या, पुनर्वसनाची भांडणं कोर्टात. युरेनियमच्या दांड्यांत किती अंतर हवं ते मिलिमीटरमध्ये मोजता. कोळ्याचं घर समुद्रापासून किती लांब टाकलं ते कुणी मोजलं?

कोपऱ्यावरची_काकू:
अगदी बरोबर. आणि वीज जाते कुठे? माझ्या माहेरी दुपारी पंखा बंद.

हैदराबादी:
काकू, वीज ग्रिडमध्ये जाते. प्रकल्पाशेजारी राहिलं म्हणून वेगळी तार येत नाही.

कोपऱ्यावरची_काकू:
शिकवू नका. धोका मात्र बरोबर शेजारच्यांनाच पोचतो, त्याला ग्रिड लागत नाही.

हैदराबादी:
कोऱ्या इंधनाचा कसला धोका? वापरलेल्याबद्दल बोला, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. भावना नि भौतिकशास्त्र यांची खिचडी नको.

पालघरकर:
भौतिकशास्त्र तुमच्या एसी केबिनमधलं. पोफरणात येऊन बोला मग.

उपद्व्यापी:
भांडणं बाजूला ठेवा जरा. घ्या, नैसर्गिक युरेनियमपुरतं लाकडी खोकंही तुमचं, हैदराबादी. खूश? पण माझा प्रश्न उरतोच. नव्या छोट्या अणुभट्ट्यांसाठी २० टक्क्यांच्या जवळपास समृद्ध केलेल्या इंधनाची तयारी चाललीय. आजच्या बऱ्याच पेट्यांचं गणित ५ टक्क्यांपर्यंतचं. मग जुनीच पेटी वापरून आत कमी माल भरणार, की न्यूट्रॉन शोषणारे बोरॉनचे पडदे घालून नवी बनवणार?

हैदराबादी:
दोन्ही. आधी कमी माल, मग नवी पेटी. एका ट्रकऐवजी तीन ट्रक.

पालघरकर:
तीन ट्रक! मनोरवरूनच ना?