‘लहरी’ कादंबरी: दोष की कौतुक?

फोंड्याची वाचक:
आमच्या वाचक मंडळाच्या अंकासाठी एका इंग्रजी कादंबरीवर टिपण लिहिते आहे. पन्नाशीची बाई नवऱ्यापासून वेगळी होते, समुद्राकाठच्या गावात मावशीच्या जुन्या घरी राहायला येते, आणि ते घर तिच्याशी बोलायला लागतं. जिना रुसतो. खिडकी गावातल्या बातम्या पुरवते. बाई घाबरत नाही, जिन्याची समजूत काढते. मला पुस्तक फार आवडलं. अशा बाईचं एकटेपण आपण बहुतेक वेळा रडारडीतच वाचलेलं असतं. इथे दुःख तितकंच खोल आहे, पण ते जिन्याच्या रुसव्यातून कळतं. मावशीच्या खोलीचं दार शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही, तिथे मी पुस्तक मिटून बसले होते.
मी लिहिलं, ‘ही लहरी कादंबरी आहे.’ एका ज्येष्ठ सदस्यांनी खाली रेघ मारली: ‘लहरी हा दोष. पुस्तकाला नावं ठेवताय का?’ इंग्रजीत याला व्हिम्झिकल म्हणतात. मराठीत काय म्हणावं?

म्हापशाचे मास्तर:
सदस्यांचं बरोबर आहे. लहरी पाऊस, लहरी राजा, लहरी साहेब. ज्याचा भरवसा नाही तो लहरी. ‘कल्पनारम्य’ लिहा.

फोंड्याची वाचक:
मास्तर, कल्पनारम्य तर राजकन्या-राक्षसाची गोष्टही असते. रुसलेल्या जिन्याची गंमत त्यात कुठे येते?

पणजीची अनुवादक:
खरी अडचण वेगळीच आहे. लहरी गवई म्हटलं की लोक कौतुकाने मान डोलावतात. लहरी सून म्हणून बघा! ‘स्वैर’चंही तेच. स्वैर अनुवाद छापून येतो, ‘स्वैरिणी’ मात्र शिवी. म्हणजे बाईच्या कादंबरीला कुठलाही मोकळा शब्द लावा, त्यावर आधीच डाग पडलेला. मी ‘लहरी’च ठेवीन, आणि वाक्य असं लिहीन की कौतुक ऐकू यावं. वापराने शब्द खाली येतात, तसे वरही जातात. खाली आलेला ‘चमत्कारिक’ बघा ना, त्यात चमत्कार होता, आता ‘चमत्कारिक माणूस’ म्हटलं की लोक चार हात दूर राहतात.

म्हापशाचे मास्तर:
वापर म्हणजे काहीही नव्हे. लहरी म्हणजे मुळात लाट. गंगालहरी, सौंदर्यलहरी ही नामं, तिथे दोष नाही. माणसाला विशेषण म्हणून लावला की अर्थ बदलतो, आणि तो बदल मराठीने पक्का केलेला आहे.

डिचोलीहून:
लाटेवरून आठवलं. पान लागलं की (साप चावला हे घरात कुणी उच्चारत नसे) आजी विचारायची, ‘लहरी येतात का?’ विषाच्या लहरी. म्हणजे लहर आपण आणत नाही, ती आपल्यावर येते. झोपेची लहरसुद्धा तशीच. मला वाटतं ‘लहरी’ माणसाला मुळात कुणी दोष देत नसणार, बिचाऱ्यावर काहीतरी आलंय एवढंच. कादंबरीतल्या बाईवर घर येतं, असं म्हणा ना!

वास्कोचा वाचक:
‘अतरंगी’ लिहा. सगळ्यांना कळतं.

म्हापशाचे मास्तर:
हिंदी सिनेमातून आलेला शब्द मराठी अंकात कशाला? ‘तऱ्हेवाईक’ आहे ना.

पणजीची अनुवादक:
तऱ्हेवाईकमधली ‘तऱ्हा’ अरबी आहे, मास्तर. माधव ज्यूलियनांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश दिला आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’. ज्याला परका शब्द घरातला माहीत आहे त्यानेच शुद्धीवर बोलावं, असं मला त्यावरून वाटतं. आणि आपण गोव्यातली माणसं! चावी, घमेलं, लिलाव सगळं पोर्तुगीज. कादंबरीतली ती बोलकी खिडकी आपल्याकडे असती तर जनेलच झाली असती.

म्हापशाचे मास्तर:
चावी आली तेव्हा आपल्याकडे किल्ली होतीच, आणि अजून आहे. मी चावी बाहेर काढा म्हणत नाही, किल्ली हरवू नका म्हणतो.

सत्तरीहून:
तुम्ही परका शब्द शोधताय, आणि गोष्ट आपल्या मांडावर, गावाच्या खेळाच्या अंगणात आहे. पौषात धालो असतात, बायकांचा नाच-गाण्यांचा खेळ, रात्रभर फक्त बायका. त्यात सोंगं येतात. घरात वर मान न करणारी बाई पुरुषाचं सोंग घेते, ऐट करते, सगळ्या हसून लोळतात, आणि कुणी तिला वेडी म्हणत नाही. लहर नव्हे हे, सोंग आहे, जाणूनबुजून घेतलेलं. ‘सोंगाडी कादंबरी’ म्हणा.

फोंड्याची वाचक:
धालोंची आठवण अगदी नेमकी, त्या बाईत तीच ऐट आहे. पण ‘सोंग करते’ म्हणजे खोटं वागते, असंही आपण म्हणतो. ही बाई जिन्याशी खोटं बोलत नाही.

पेडण्याची वाचक:
आमच्याकडे अशा बाईला ‘पिशी’ म्हणतात, म्हणजे वेडी. लाडाने.

म्हापशाचे मास्तर:
पिशी कोकणी. अंक मराठी आहे.

पेडण्याची वाचक:
संतांनी देवाचं ‘पिसे’ लागलं म्हणून लिहिलं, ते काय कोकणीत? शब्द दोन्ही घरांचा आहे. आणि माझं मत, पिसे आणि पक्ष्याचं पीस एकच. वाऱ्यावर जातं ते.

म्हापशाचे मास्तर:
नाही. पीस ‘पिच्छ’वरून आलं, पिसे ‘पिशाच’वरून. पिशाचाचा शब्द चालतो, मग लहरीने काय घोडं मारलं?

पणजीची अनुवादक:
मास्तर, म्हणजे तुम्ही आता लहरीच्या बाजूने?

म्हापशाचे मास्तर:
मी व्युत्पत्तीच्या बाजूने.

पेडण्याची वाचक:
आई लेकीला जवळ घेऊन ‘पिशी गो तूं’ म्हणते तेव्हा तिच्या मनात पिशाच नसतं. आता ‘पिसाट’ कुठून आला तेही सांगा, त्यात तर लाड अजिबात नाही.