चार नगरसेवक असून वाली नाही: एक सदस्यीय वॉर्डासाठी सभागृहाने ठराव करावा का?

पिंपळपार:
मागच्या सभागृहाच्या वेळची गोष्ट. आमच्या प्रभागातून ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा चार जागांवर चार नगरसेवक निवडून येतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं ड्रेनेजचं चेंबर पावसात तुंबलं आणि मैलापाणी दोन घरांच्या उंबऱ्याला लागलं. ‘ब’ जागेवरच्या ताईंना फोन केला, तर म्हणाल्या तो भाग ‘ड’वाले बघतात. ‘ड’वाल्यांचा माणूस येऊन फोटो काढून गेला. ‘अ’ आणि ‘क’ने एकमेकांकडे बोट दाखवलं. सहाव्या दिवशी आम्ही घरटी दोनशे रुपये काढून खासगी सक्शन गाडी बोलावली. चौघांनाही मत आम्हीच दिलं होतं.

आता जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर निवडून आलेलं सभागृह बसलंय. मुंबईत २२७ वॉर्ड आणि वॉर्डाला एकच नगरसेवक. मग बाकीच्या शहरांनी चौघांत का विभागून घ्यायचं? कायदा बदलणं विधिमंडळाच्या हातात आहे, हे मला माहीत आहे. पण मुख्य सभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेने, ठराव करून सरकारला कळवायला काय हरकत आहे?

वसुधा_वस्तीतली:
माझा विरोध आहे, आणि तोही अनुभवावरून. आमच्या वस्तीच्या सार्वजनिक संडासाला दोन वर्षं दार नव्हतं. बायका रात्री जोडीने जायच्या, एक बाहेर ओढणी धरून उभी राहायची. प्रभागातली बहुतेक मतं सोसायट्यांची, त्यामुळे तिथले पेव्हर ब्लॉक आधी बदलले. ते दार बसवलं ‘अ’ जागेवरून, म्हणजे अनुसूचित जातीच्या महिला राखीव जागेवरून निवडून आलेल्या बाईंनी. एकाच नगरसेवकाचा वॉर्ड असता आणि आरक्षण पलीकडच्या वॉर्डात पडलं असतं, तर आम्ही कोणाच्या दारात गेलो असतो?

पिंपळपार:
वसुधाताई, दाराचं वाचून गलबलून आलं. त्या बाईंनी केलं ते मोलाचंच. पण एवढ्या मोठ्या प्रभागात पक्षाशिवाय उभं राहून कोण निवडून येणार? लोकसंख्या पाऊण लाखाच्या वर जाते. गल्लोगल्ली ओळख असलेला, पण खिशात पैसा नसलेला कार्यकर्ता तिथे पोचूच शकत नाही. मतदारालाही एका खोलीत चार मतं द्यायची. निम्मे लोक पहिलं चिन्ह बघतात आणि तेच चारदा दाबतात. माझ्या आईने तसंच केलं, विचारलं तर चौघांपैकी एकाचंच नाव तिला सांगता आलं.

आंबेकर_गल्ली:
छोट्या वॉर्डाचंही भलं चित्र रंगवू नका. थोड्या हजार मतांत निकाल लागला की एखादा दादा दोन-तीन मंडळं हाताशी धरून निवडून येतो. त्याच्या विरोधात गेलात तर तुमच्या नळाला पाणी कोण सोडणार? चार जण असले की निदान दुसरं दार ठोठावता येतं.

जुना_कारकून:
तीस वर्षं महापालिकेत नोकरी केली, म्हणून लिहितो. पुण्याचंच बघा. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. नंतर कायदा पुन्हा एकावर, तिथून तिनावर आणि २०२२ मध्ये परत चारावर. दर वेळी निर्णय मुंबईत राज्य सरकारच्या पातळीवर झाला, आणि सत्तेत असलेल्यांच्या सोयीने झाला. शहराला कोणी विचारलं नाही. एक की चार, यावर आपण भांडतोय, पण खरी मेख वेगळी आहे.

१९४९ च्या महापालिका अधिनियमात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सभा चालवतात, अडीच वर्षांनी बदलतात. आयुक्तांना परत पाठवायला एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश मतं लागतात. नवी मुंबईत २०१६ मध्ये तसा ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला, तरी सरकारने तो रोखला आणि आयुक्त काही महिने तिथेच राहिले. त्या आयुक्तांचं काम चांगलं की वाईट, हा वाद बाजूला ठेवा. १०४ जणांच्या मताचं वजन किती, ते बघा. कोलकात्यात महापौर परिषदेकडे, म्हणजे महापौर आणि काही नगरसेवकांच्या गटाकडे, कारभार आहे. आपल्याकडे मुंबई-नागपूरला १९९८ मध्ये तसा प्रयोग झाला आणि लगेच गुंडाळला. मागायचंच असेल तर ते मागा.

वसुधा_वस्तीतली:
काका, आयुक्तांचे अधिकार महापौरांना दिले म्हणून आमच्या संडासाला दार बसेल असं वाटत नाही. नगरसेवक नव्हते त्या चार वर्षांत क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला की शिक्का मारून मिळायचा, तेवढंच. पाठपुरावा करणारं माणूसच नव्हतं. म्हणून मला चारांतली एकही जागा कमी झालेली नको.

पिंपळपार:
मग मधला मार्ग सांगतो. तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समित्या हव्यातच, असं घटनेच्या २४३-एस कलमात आहे. त्यांच्या बैठका लोकांसमोर व्हाव्यात. आणि चार सदस्य ठेवायचेच असतील तर प्रभागातली कुठली गल्ली कोणाची, हे पहिल्याच महिन्यात लेखी जाहीर करावं. तोंडी वाटणी सगळीकडे असतेच, ती कागदावर येऊ द्या.

जुना_कारकून:
लेखी वाटणीला कायद्याचा आधार नाही. निवडून आलेला प्रत्येक जण अख्ख्या प्रभागाचा असतो. असा ठराव आणलात तर नगरसचिव विषयपत्रिकेवर घेणार नाहीत.

पिंपळपार:
तर मग नुसत्या एक सदस्यीय वॉर्डाचाच मसुदा देतो. आमच्या गल्लीतल्या ६४ जणांच्या सह्या झाल्यात.

वसुधा_वस्तीतली:
त्यावर माझी सही नसेल. समितीच्या बैठका खुल्या ठेवण्याचा वेगळा अर्ज केलात, तर आमच्या वस्तीतून दोनशे सह्या आणून देते. चेंबरचं काय झालं पुढे?

पिंपळपार:
झाकण बदललं, पण आतली लाईन जुनीच आहे. अर्ज उद्याच लिहायला घेतो.