आई-अण्णांना घेऊन गाइडवाल्या बसनं एका दिवसात वेरूळ अन् म्हैसमाळ, झेपंल का?

परभणीकडचा

नमस्कार मंडळी. पोळा झाला की सोयाबीन काढणीपर्यंत मधी दोन-तीन आठवडे जरा मोकळीक मिळती, तेवढ्यात आई-अण्णांना संभाजीनगर अन् वेरूळ दाखवून आणायचं ठरवलंय. अण्णा 71 चे, आई 66 ची, आईचे गुडघे दुखतेत, सपाटीवर चालती पण पायऱ्या म्हणलं की घाबरती. मावसभाऊ तिथंच राहतो, आदल्या रात्री त्याच्याकडं मुक्काम करायचा अन् सकाळी बसनं निघायचं असा विचार हाय.

गाडी करूनही जाता येतं हे माहीत हाय, पण गाडीत सांगणारं कुणी नसतं, नुसतं बघायचं अन् फोटो काढून परत यायचं. आमच्या अण्णांना सगळं विचारून घ्यायची सवय, हे कुणी केलं, कशानं केलं, दगड कुठून आणला, किती दिवस लागले. मला काय सांगता येत न्हाई. म्हणून गाइड असलेली बस बघायलोय.

एका बसवाल्यानं पाठवलेला प्लॅन असा हाय, सकाळी 8 ला निघायचं, पाणचक्की, बीबी का मकबरा, देवगिरी किल्ला, वेरूळ लेणी, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, मग म्हैसमाळ अन् संध्याकाळी 7 पर्यंत परत. आईला घृष्णेश्वर अन् म्हैसमाळची गिरिजा माता, हे दोन झाले की बास. अण्णांना कैलास लेणं बघायचंय, शाळेच्या पुस्तकात चित्र बघितलं होतं तेव्हापासून म्हणायलेत.

मंगळवारी गर्दी नसंल म्हणून मंगळवार धरलाय, पैसे अजून भरले नाहीत. कुणी असं एका दिवसात केलंय का, म्हाताऱ्या माणसांना जमतं का, काय सोडावं काय ठेवावं, अनुभव असंल तर सांगा.

गुलमंडीची ताई

दादा पहिलं काम म्हणजे मंगळवार बदला. वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात! अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, हे बाहेरून येणाऱ्या लोकांना माहीत नसतं आणि मग गेटवरून परत जातात, मी स्वतः लांब लांबून आलेल्या माणसांना तिथं हिरमुसून उभं राहिलेलं बघितलंय. बुधवार ते शुक्रवार मधला दिवस धरा. शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी, रविवारी तर अख्खं शहर घाटात असतं.

आता तुमच्या प्लॅनचा हिशोब करू. 8 ते 7 म्हणजे 11 तास. शहरातून वेरूळ 30 किलोमीटरच्या आसपास, तिथून घाट चढून खुलताबाद, म्हणजे भद्रा मारुतीचं गाव, चारेक किलोमीटर, पुढं म्हैसमाळ दहा-बारा आणि परत शहर, म्हणजे सगळं मिळून नव्वदच्या आत. ऐकायला कमी वाटतं पण दौलताबादजवळ रस्त्यावरच जुन्या तटबंदीचा कमानीचा दरवाजा आहे, मोठी गाडी एका वेळी एकच जाते, तिथं कधी कधी अर्धा तास मोडतो. म्हणून रस्त्याचे तीन तास धरा. जेवण पाऊण तास. आणि बसमध्ये 40 माणसं असली की प्रत्येक ठिकाणी उतरायला, मोजायला, मागे राहिलेल्याला शोधायला दहा-पंधरा मिनिटं जातातच, सात ठिकाणं म्हणजे दीड तास तसाच गेला. उरले पावणेसहा तास, सात ठिकाणांना. वाटून बघा. एकट्या वेरूळला नीट बघायचं तर तीन तास कमी पडतात.

पाणचक्की आणि मकबरा शहरातच आहेत, तुम्ही आदल्या दिवशी मावसभावाकडं येणारच आहात तर दुपारी लवकर या आणि रिक्षानं ते दोन्ही तेव्हाच उरका. मकबऱ्याला ताजमहालाची नक्कल म्हणून हिणवायची पद्धत पडलीय, ते मला अजिबात पटत नाही. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं आईसाठी, दिलरस बानू बेगमसाठी बांधला असं सांगतात. संगमरवर खालच्या भागाला आणि घुमटाला, बाकी चुन्याचा गिलावा, पण त्या गिलाव्यावरची नक्षी जवळ जाऊन बघा म्हणावं अण्णांना. पाणचक्कीला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळातून आणून त्याच्या जोरावर जातं फिरवायचे, शेतकरी माणसाला ते आवडणारच.

लातूर_एक्सप्रेस

ताईनी बरोबर सांगितलंय. आमी मागच्या साली असंच गेल्तो, सासू-सासरे, बायको, दोन लेकरं. कंपनीचं नाव घेत नाही पण जे झालं ते सांगतो म्हणजे तुमी सावध राहाल. किल्ल्यावर एक तास दिल्ता, अर्धे लोक चांद मिनारपाशीच थांबले अन् अर्धे वर अंधारी, म्हंजी किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता, बघायला गेले, ते खाली येईपर्यंत दोन तास झाले, आमी म्हातारी माणसं घेऊन उन्हात बसून. मग जेवण. मग काय तर साड्यांच्या दुकानापुढं बस उभी केली, ते प्लॅनमधी कुठंच नव्हतं, 40 मिनिटं तिथं गेली, अन् वेरूळला पोचलो तर गाइड म्हणला 50 मिनिटात परत या. 50 मिनिटात! सासरे कैलासच्या आत गेले अन् हत्तीपाशी उभे राहून बघायलेत तवर फोन आला की बस निघाली. म्हैसमाळला पोचलो तवा अंधार पडल्ता, देवीचं दर्शन झालं पण दरी-बिरी काय दिसली नाही. सासऱ्यांनी कुणालाच काय म्हणलं नाही पण परत येताना बोललेच नाहीत, मला आजून वाईट वाटतंय त्याचं.

म्हणून पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा अन् मेसेजवर लिहून घ्या, वेरूळला किती तास, दुकानात थांबणार का, अन् गाइड बसबरोबर येणार का तिथं गेल्यावर कुणाला तरी धरणार. गाइडकडं सरकारी ओळखपत्र असतंय, ते दाखवा म्हणायला लाजू नका.

निवृत्त मास्तर, अंबाजोगाई

मी शाळेच्या सहली घेऊन वेरूळला बरेचदा गेलोय, त्यामुळे थोडं लांबण लावतो, राग मानू नका.

तुमच्या आईसाठी किल्ला चढायचा विचारच नको. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या, मधे अंधारी, तिथे वटवाघळं, तरण्या पोरांचे पाय भरून येतात. पण देवगिरी पूर्ण गाळूही नका. खालून तो उभा तासलेला डोंगर आणि त्याभोवतीचा खंदक एवढं बघितलं तरी यादवांनी राजधानी इथे का केली ते माणसाला कळतं. महंमद तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीहून राजधानी इथेच आणली होती. शिवाय एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दन स्वामी याच किल्ल्याचे किल्लेदार, ही गोष्ट आईंना सांगा, मग त्यांना बसमधून बघतानाही किल्ला आपला वाटेल. अर्धा तास पुरे.

वेरूळला एकूण 34 लेणी, 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. सगळी बघायच्या नादाला लागू नका. 16 क्रमांकाचं कैलास अगदी समोरच आहे, आणि अंगण जमिनीच्या पातळीवर असल्यामुळे आईंना पायरी न चढताही खालून पूर्ण फेरी मारता येते, हत्तींची रांग, रावण कैलास हलवतोय ते शिल्प, सगळं खालूनच. वरच्या मजल्यावर अण्णा आणि तुम्ही जा. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, एवढं लक्षात ठेवा. दगड कुठून आणला या प्रश्नाचं उत्तर इथे असं आहे की कुठूनच आणला नाही, डोंगर वरून खाली कोरत आले. त्यानंतर वेळ असेल तर 10 नंबर बघा, तिथले लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात कारण छताला लाकडी घराच्या वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत. जैन लेणी लांब आहेत पण तिकडे जायला आत बस असते, 32 नंबरची इंद्रसभा बघण्यासारखी.

घृष्णेश्वर लेण्यांपासून जवळच. आत्ताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धारातलं. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, अण्णांना आधी सांगून ठेवा म्हणजे रांगेत गडबड नको. आणि वेरूळ हे मालोजीराजे भोसल्यांचं गाव, गढीची जागा तिथेच आहे. बहुतेक बसवाले तिकडे नेत नाहीत, ते मला दर वेळी खटकतं. शिवरायांच्या आजोबांच्या गावातून आपण जातो आणि कुणी हात करून दाखवतही नाही.

गिरिजेचा_भक्त

म्हैसमाळबद्दल थोडं. डोंगरावरचं छोटं गाव हाय, मोठं हिल स्टेशन डोक्यात धरून येऊ नका, माथेरान-महाबळेश्वरसारखा बाजार तिथं न्हाई अन् तेच बरं हाय. पोळ्यानंतर सगळा माळ हिरवागार असतो, फुलं असतेत, अन् ढग खाली आले की समोरचा माणूस दिसत न्हाई. वारं लई लागतं, आईसाठी स्वेटर अन् कानाला बांधायला काहीतरी घ्याच, खाली उकडत असलं तरी. गिरिजा मातेच्या देवळापर्यंत गाडी जवळ जाती. बालाजीचंही देऊळ हाय. खायला कणसं, भजी, चहा मिळंल, पोटभर जेवणाच्या भरवशावर वर जाऊ नका. बायामाणसांची बाथरूमची सोय वेरूळलाच करून घ्या, हे कुणी सांगत न्हाई पण म्हाताऱ्या बाईचे त्यापायी हाल होतेत.

खरं तर म्हैसमाळला पाचच्या आत पोचलं पाहिजे. बसवाल्याला तेवढं एक पक्कं विचारा, बाकी मागं-पुढं चालतं.

परभणीकडचा

सगळ्यांचे आभार, मंगळवारचं तर मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं तसं तीन बसवाल्यांना विचारलं, दोघांनी टोलवाटोलवी केली, तिसरा म्हणला वेरूळला अडीच तास, दुकान न्हाई, किल्ला फक्त खालून, अन् तसं लिहूनही दिलं. गुरुवारचं बुकिंग केलंय. येऊन सांगतो.

परभणीकडचा

कालच जाऊन आलो, रात्री उशीर झाला म्हणून आज लिहायलोय.

मकबरा अन् पाणचक्की आदल्या दिवशी केली, लई बरं झालं. मकबऱ्याला माणशी 25 रुपये तिकीट लागलं, वेरूळला 40. 15 वर्षांखालच्या लेकरांना तिकीट न्हाई.

कैलासचं सांगतो. गाइड चांगला होता, मास्तर सरांनी सांगितलं तसंच त्यानं सांगितलं की वरून खाली कोरत आले. बसमधले लोक फोटो काढायलेत अन् आमचे अण्णा मागच्या कडेच्या भिंतीला हात लावून उभे. आमची विहीर अण्णांनी अन् चुलत्यांनी मिळून खांदलेली, साडेसात परस (एक परस म्हंजी उभ्या माणसाएवढी खोली), खाली काळा पाषाण लागला तवा सुरुंग लावले होते. त्यांनी गाइडला विचारलं ही कड किती परस असंल. त्याला परस कळंना, म्हणला शंभर फुटांच्या वर हाय. अण्णांनी मनातच हिशोब केला अन् म्हणले म्हंजी आपल्या विहिरीच्या दुपटीच्या वर, अन् बिगर सुरुंगाचं, निस्त्या छिन्नीवर. मग म्हणले, विहिरीत चार बोटं जास्तीचं फुटलं तर कुणी विचारत न्हाई, इथं हत्तीची सोंड चुकून तुटली असती तर दुसरी कुठून आणली असती. गाइड थांबून ऐकत होता, मग त्यानंच अण्णांना बाजूला नेलं अन् भिंतीवरच्या छिन्नीच्या रेघा दाखवल्या, दगड कुठल्या अंगानं काढत आले ते. दोघं वीस मिनिटं बोलत होते. आई खालीच हत्तीपाशी सावलीत बसली होती, तिनं पूर्ण फेरी मारली, एकही पायरी चढावी लागली न्हाई. 10 नंबर पण झालं. जैन लेणी राहिली.

घृष्णेश्वरला पाऊण तास रांग. भद्रा मारुतीला लगेच दर्शन झालं, झोपलेला मारुती आईनं पहिल्यांदाच बघितला, तिला ते लई नवल वाटलं. म्हैसमाळला पावणेपाचला पोचलो, ढग होते, दरी काय दिसली न्हाई पण आईचं गिरिजा मातेचं झालं अन् स्वेटरचा खरंच उपयोग झाला भाऊ. परत यायला साडेसात वाजले.

आता अण्णा अजिंठ्याचं विचारायलेत. तिथं आईला नेता येईल का, पायऱ्या लई हायेत म्हणतेत.

गुलमंडीची ताई

वाचून खूप बरं वाटलं दादा. अजिंठ्याला चढायला पायऱ्या आहेतच, पण तिथं डोलीवाले असतात, खुर्चीत बसवून चौघं उचलून नेतात, दर आधी ठरवून घ्यायचा. शहरापासून शंभरेक किलोमीटर आहे, फर्दापूरला गाड्या थांबवतात आणि पुढं तिथल्या बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं, म्हणजे आईंना एकदा जास्त चढ-उतार करायला लागेल. त्यासाठी पूर्ण दिवस वेगळा ठेवा, त्या दिवशी दुसरं काही जोडू नका.